अखंड गिळावी

भगवानरावांच्या बाटलीत कधी एक कॅप्सूल जास्त निघाली नाही की एक कमी निघाली नाही. दर चार आठवड्यांनी ते बाटली घेऊन संभाजीनगरच्या हॉस्पिटलात जात. तिथं नव्या औषधाच्या चाचणी-अभ्यासाचं काम पाहणाऱ्या पुष्पांजली मॅडम ती बाटली निळ्या ताटलीत उलटी करत, उरलेल्या कॅप्सूल मोजत, आकडा लिहीत आणि म्हणत, "काका, तुमच्यासारखा पेशंट नाही." त्या अभ्यासात भाग घेतलेले बाकीचे लोक विसरायचे, कुणाची बाटली बसमध्ये राहायची, कुणाच्या नातवानं कॅप्सूलशी खेळ मांडलेला असायचा. भगवानरावांचं तसलं काही नव्हतं. मेहकरला जानेफळ रस्त्यावर त्यांचं विहिरी-बोअरच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं, म्हणजे रिवाइंडिंगचं, दुकान होतं. तांब्याच्या तारेचे वेढे मोजण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली, त्या माणसाला रोजच्या तीन कॅप्सूल मोजणं काय जड?

म्हणून गुरुवारी दुपारी पुष्पांजली मॅडमचा फोन आला तेव्हा प्राचीला आधी वाटलं, रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. प्राची ही भगवानरावांची एकुलती एक मुलगी. बुलढाण्याच्या एका फार्मसी कॉलेजात ती शिकवत होती, आणि वडिलांना या अभ्यासात घातलं होतं ते तिनंच.

"एक विचारू? रागवायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "बाबा औषध घेतात ना?"

"घेतात. तुम्हीच तर मोजता."

"मी मोजते ते बाटलीतलं. रक्तातलं बाहेरची लॅब मोजते. त्यांचे रिपोर्ट आज आले. सहा महिन्यांचे सहा नमुने. एकातही औषध नाही."

"कमी आहे?"

"कमी नाही गं. नाहीच. मशीनला सापडेल इतकंही नाही."

अभ्यासाचे पहिले सहा महिने कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसत्या भुकटीची कॅप्सूल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नंतरचे सहा महिने सगळ्यांना खरंच औषध होतं. हे सहा नमुने त्या नंतरच्या महिन्यांतले होते.

"माझे वडील औषध फेकून देणार नाहीत," प्राची म्हणाली.

"मी तसं म्हणत नाहीये. पण सोमवारी त्यांची तारीख आहे. मागच्या वेळी किडनीचं क्रिएटिनिन चार पॉइंट एक होतं. पाचच्या वर गेलं तर औषध बंद करावं लागतं, तो नियम तुलाही माहीत आहे. त्याच्याआधी एकदा घरी जाऊन बघ. विचारू नकोस, नुसतं बघ."

पुष्पांजली मॅडम मूळच्या जळगाव जामोदच्या. फोन ठेवता ठेवता त्यांची शहरी भाषा सुटली. "मी काऊन सांगून राह्यली तुले, तूच समज," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भगवानरावांचा आजार दोन वर्षांचा. आधी नाकातून रक्त यायला लागलं, मग सांधे धरले, मग लघवीला फेस. निदान व्हायलाच पाच महिने गेले. त्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी खोट्या इशाऱ्यावर पेटून उठत होत्या आणि किडनीतल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या कुरतडत होत्या. स्टेरॉइडनं ते थोडं दबलं, पण साखर चढली, तोंड सुजलं आणि हात थरथरू लागले. रिवाइंडिंग करणाऱ्याचे हात ते. त्यांनी धरलेली तार मोटारीच्या खाचेत बसेना. तेव्हा प्राचीनं या औषधाचा माग काढला. औषधाला अजून नाव नव्हतं, नुसता एक आकडा होता.

ते कसं काम करतं हे वडिलांना समजावताना तिनं दुकानातल्या भिंतीवरचा स्टार्टर दाखवला होता.

"पेशीच्या अंगावर असेच स्टार्टर असतात बाबा. इशारा आला का बटन दाबलं जाते, आत कॉन्टॅक्टरची पट्टी चिकटते, पेशी उठते. जुनी औषधं काय करतात, तं बटनावर बोट ठेवून बसतात, दुसऱ्यानं दाबू नये म्हनून. पन इशारे लय अन् बोट एक. हे नवं औषध बटनाच्या वाटेलेच जात नाही. बाजूच्या फटीतून आत शिरते अन् कॉन्टॅक्टरखाली पाचर मारते. मंग बटन कोनी कितीही दाबो, पट्टी चिकटत नाही."

"अन् मोटार?"

"मोटारीले काही होत नाही. ती नुसती उचलत नाही."

भगवानरावांनी स्टार्टरवरून बोट फिरवलं. "ज्यानं हे काहाडलं," ते म्हणाले, "त्यानं आधी स्टार्टर खोलला असंन." त्यांच्या तोंडून याहून मोठी तारीफ कुणी ऐकली नव्हती. चौदा पानी संमतीपत्रावर त्यांनी त्याच आठवड्यात सही केली.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर प्राची बुलढाण्याहून बसनं मेहकरला उतरली. दुकानाच्या पायरीवर उत्तमराव बसले होते. भगवानराव आणि ते एकाच भजनी मंडळातले; भगवानराव वीणा धरायचे, उत्तमराव पखवाज. दोघांच्या गळ्यात तीस वर्षांची तुळशीची माळ. फरक इतकाच की उत्तमरावांचं तोंड भजन संपल्यावरही चालू राहायचं.

"आली का मास्तरीन," ते म्हणाले. "पाह्य तुह्या बापाकडं. अर्ध्या तालुक्याच्या बोअरचं पानी काहाडून देते, अन् सोता दिवसाले एक लिटरच्या वर पेत नाही. मोजून. मी म्हनलं, भगवान, एक घोट माह्यातला घे. तं म्हनते, तुह्या घोटाचं माप काय?"

"डॉक्टरनं एकच लिटर सांगतलं. माप पाह्यजेच," भगवानराव खाली मान घालून म्हणाले. ते मोटारीचं कव्हर पुसत होते. वेढे भरायचं काम आता त्यांच्याकडून होत नव्हतं, पण दुकान रोज सकाळी उघडायचं.

"औषध घेता ना बाबा बराबर?" प्राचीनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हाव. तीन. सकाळी."

तिला त्या आवाजात काहीही लपवलेलं ऐकू आलं नाही.

रविवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. भगवानराव खाली बसले होते. समोर वर्तमानपत्राची घडी, तिच्यावर एक स्टीलची वाटी, वाटीत ताक. त्यांनी बाटली उघडली आणि एक कॅप्सूल काढली. अर्धी पांढरी, अर्धी फिकट हिरवी. मग खिशातून तांब्याच्या जाड तारेची, घरीच वाकवून केलेली चिमटी काढली. चिमटीत कॅप्सूलचं बूड धरलं, दुसऱ्या हातानं टोपण पिळून अलगद उचललं आणि आतली भुकटी ताकात ओतली. नखानं दोनदा टिचकी मारली. आत पाहिलं, पुन्हा एक टिचकी. थरथरत्या हातांचा माणूस, पण एक कण बाहेर पडला नाही. अशा तीन. मग ताक ढवळलं, पिऊन टाकलं, वाटीत थोडं पाणी घालून तेही प्यायले, आणि प्यायलेलं पाणी दिवसाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं.

प्राचीच्या हातातला चहा तसाच राहिला.

"हे काय करून राह्यले बाबा?"

"औषध घेऊन राह्यलो."

"रोज असंच घेता?"

"पह्यल्या दिवसापासून."

आई, रुख्मिणीबाई, चुलीपाशी होत्या. त्यांनी उठून रिकामी टरफलं पदरात उचलली आणि मागच्या खोलीतला बिस्किटाचा जुना डबा आणून त्यात टाकली. डबा वरपर्यंत भरत आला होता.

"हे ठेवलं काऊन?" प्राचीनं विचारलं.

"मंग फेकू कुठी? औषध आहे म्हनून उकिरड्यावर टाकवत नाही. तुयशीत टाकावं तं हाड आहे. गायीच्या गव्हाणीजवळ तं नेवत बी नाही मले. तूच सांग कुठी टाकू." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हजाराच्या वर झाले असतीन."

हाड हा शब्द ऐकला आणि प्राचीला तो दिवस आठवला. अकरा वर्षं झाली त्याला. ती फार्मसीच्या पहिल्या वर्षाला होती आणि दिवाळीच्या सुट्टीत नवी कोरी वही घेऊन घरी आली होती. डॉक्टरांनी दिलेली ताकदीची कॅप्सूल भगवानरावांच्या हातात होती, आणि तिनं शिकलेलं दाखवायच्या हौसेनं सांगून टाकलं होतं: हे वरचं कवच जेलॅटिनचं असतं, गुरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढतात, उकळून. त्यांनी ती कॅप्सूल खिडकीत ठेवली. पुढं त्यांनी औषधाच्या दुकानात नेहमी गोळी मागितली. हे सगळं ती विसरूनही गेली होती.

"तुम्ही मले विचारलं काऊन नाही?"

"काय विचारायचं? तूच तं सांगतलं होतं."

"सगळ्याच तशा नसतात. आजकाल झाडपाल्यापासून बी करतात. मी चौकशी करून सांगतलं असतं ना."

"हाव, सांगतलं असतं." भगवानराव चिमटी पुसत होते. "तू म्हनली असती, बाबा, हे झाडाचं आहे, खा. अन् मले कसं समजलं असतं, तू खरं बोलून राह्यली का बापाले वाचवाले बोलून राह्यली? तुह्यावर शक घ्याची पाळी मी माह्यावर येऊ देली नाही."

"कागदावर लिहेल होतं. कॅप्सूल अखंड गिळावी."

"आठव्या पानावर. वाचलं होतं. मले वाटलं, लोकं सांडतात म्हनून लिहेल असंन. मी एक कन सांडू देला नाही, पाह्यलं ना तू आता. टोपन म्हंजे काय, वरचा रंग. रंग खरवडला म्हनून मोटार पानी फेकत नाही का?"

प्राची त्यांच्या समोर खाली बसली. वर्गात ती हेच शिकवायची. कुणी प्रश्न विचारला तर तीन वाक्यांत उत्तर द्यायची.  आज तिनं पहिलं वाक्य वडिलांच्याच दुकानातलं उचललं.

"तो रंग नव्हता बाबा. ते वार्निश होतं."

भगवानरावांचे हात थांबले.

"पोटात आम्ल असते. हे औषध आम्लात टिकत नाही, काही मिनिटांत मोडते. म्हनून त्या टोपनाले असं केलं आहे का पोटात ते विरघळत नाही, खाली आतड्यात गेल्यावर विरघळते. तुम्ही वार्निश काहाडलं अन् उघडी तार पान्यात सोडली. वरून ताकात. ते बी आंबटच."

रिवाइंडिंग करणाऱ्याला वार्निशबद्दल आणखी काही सांगावं लागत नाही. वेढे कितीही सफाईनं भरा, वार्निशमध्ये बुडवून वाळवल्याशिवाय ती मोटार पाण्यात उतरवणारा माणूस या धंद्यात मूर्ख समजला जातो. भगवानरावांनी चिमटी वर्तमानपत्रावर ठेवली, वर्तमानपत्राच्या कडेला समांतर.

"मंग सालभर?" त्यांनी विचारलं.

थोडंफार गेलं असेल, असं म्हणणं सोपं होतं. पण सहा नमुने होते.

"काहीच नाही गेलं."

रुख्मिणीबाईंनी चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पुन्हा तसंच चढवलं.

"अन् आता उद्यापासून गिळली तं?"

"उद्या रक्त पाहतीन. त्याच्यावर आहे." प्राचीला यापुढचंही माहीत होतं. किडनीत एकदा वण धरला की तो मऊ होत नाही. पाचर मारून मोटार थांबवता येते. जळलेले वेढे पाचरीनं पुन्हा भरत नाहीत. पण उद्याचा आकडा पाचच्या आत निघाला, तर जे उरलंय तेवढं तरी राहील. तीन-चार वर्षं. त्या आशेला तिनं मनातल्या मनात टक्केवारी लावून पाहिली आणि मग ती पुसून टाकली.

"उद्या सकाळी इथी घ्यायची नाही," तिनं एवढंच सांगितलं. "रक्त देल्यावर, तिथंच घ्यायची."

"माहीत आहे," भगवानराव म्हणाले. "नियम आहे तो."

दिवसभर ते दुकानात बसून राहिले. भजनालाही गेले नाहीत.

सोमवारी सकाळी साडेपाचच्या बसला उत्तमराव सोबत आले. दर वेळी यायचे. सिंदखेड राजाला चहा आणि जालन्याला भजी हा त्यांचा ठरलेला मेहनताना होता. मे महिना होता आणि खिडकीतून येणारा वारा त्या वेळीही गरम लागत होता. भगवानरावांनी सदऱ्याची सगळी बटणं लावली होती, गळ्यापर्यंत. सुलतानपूर मागं पडल्यावर त्यांनी घाम पुसायला वरचं एक बटण काढलं आणि प्राचीला दिसलं. गळा मोकळा होता. माळ तीस वर्षं जिथं बसली होती तिथं कातडीवर एक फिकट रेघ होती, बाकीच्या गळ्याहून गोरी.

उत्तमरावांनीही पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं, भगवानरावांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि खिडकीबाहेर पाहायला लागले. सिंदखेड राजाला ते चहाला उतरले नाहीत. जालन्याला भज्यांचं नाव काढलं नाही.

 प्राचीनं त्यांना माळ काढायला सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमत झाली असती की नाही, हेही तिला सांगता आलं नसतं. पण माळ ठेवून तसली कॅप्सूल गिळायची नाही, आणि कॅप्सूल तर गिळायची, या दोन गोष्टींतून त्यांनी स्वतःचा मार्ग काढला होता. त्यांच्या हिशेबानं तोच एक सरळ होता.

दहा वाजता रक्त दिलं. रिपोर्ट एक वाजता येणार होता. बाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथं ती तिघं बसली. पावणेएकला पुष्पांजली मॅडमनी प्राचीला वर बोलावलं. बाटली घेऊन ये म्हणाल्या. बाटली तिच्या पिशवीतच होती.

मॅडमनी दार लावून घेतलं. कागद टेबलावर होता, सरळ तिच्याकडं फिरवून ठेवलेला.

सहा पॉइंट तीन.

प्राचीनं दशांश चिन्ह पुन्हा एकदा पाहिलं. ते जिथं होतं तिथंच होतं.

"बस," मॅडम म्हणाल्या. "पाणी घे."

"मॅडम, त्यांनी औषध घेतलंच नाही. म्हणजे घेतलं, पण उघडून. ताकात." तिनं सगळं सांगितलं, चिमटी, वाटी, डबा. पुष्पांजली मॅडम ऐकत होत्या आणि त्यांचा हात हळूहळू तोंडाकडं गेला. "म्हणजे औषध त्यांच्यावर चाललं नाही असं नाही. ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांना आतापासून सुरू करता येईल. ते गिळायला तयार आहेत. तुम्ही कंपनीला लिहा."

"लिहिते. लिहावंच लागेल मला. पण त्यानं काय होईल, तुला माहीत आहे."

"काय होईल?"

"नियम मोडला म्हणून नोंद होईल. आणि सहा पॉइंट तीनला ते कुणालाच देणार नाहीत. बाजारात ते नाहीच. असतं तरी..." त्या थांबल्या. "तूच सांग. तुझ्या विद्यार्थ्यानं विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

 ते उत्तर प्राचीनं कालच स्वयंपाकघरात बसून दिलं होतं.

"बाकीच्यांचं काय?" तिनं विचारलं. "या औषधाचं?"

"हे मी सांगायला नको." मॅडमनी खिडकीकडं पाहिलं. "माझ्याकडची दोघं सुधारली. एक तर परत शाळेत शिकवायला लागली."

पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरचा कागद उडत होता. प्राचीनं त्यावर बाटली ठेवली.

"मॅडम, ते कवच कशाचं आहे? जेलॅटिनचं?"

"बघावं लागेल." त्यांनी कपाटातून जाड फाइल काढली आणि बोट फिरवत खाली आल्या. मग बोट थांबलं, आणि त्यांनी फाइल वळवून तिच्यापुढं ठेवली. शब्द प्राचीला लांबूनच वाचता आला. हायप्रोमेलोज. लाकडाच्या लगद्यापासून काढतात. हाड नाही, कातडं नाही, गुरांचा संबंध नाही. ती हे दर वर्षी शिकवायची, जेलॅटिनच्या लगेच पुढच्या तासाला. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवाळीला तो पुढचा तास अजून झाला नव्हता, एवढंच.

"विकतच्या खाण्याच्या डब्यावर शाकाहारी म्हणून हिरवा ठिपका असतो," मॅडम हळू म्हणाल्या. "आमच्या बाटल्यांवर काहीच नसतं. आम्हाला कुणी कधी विचारलंच नाही."

मग त्यांनी निळी ताटली पुढं ओढली, कारण ते करावंच लागतं. बाटली उलटी केली. पांढऱ्या-हिरव्या कॅप्सूल पसरल्या. त्यांनी पट्टीनं पाच-पाच करून सरकवल्या, पुन्हा सुरुवातीपासून मोजल्या, आणि वर पाहिलं.

"तीन कमी आहेत."

वर्षात पहिल्यांदाच.

प्राची जिना उतरली. कडुनिंबाखालच्या बाकावर भगवानराव एकटेच होते. उत्तमराव चहा आणायला गेले होते, नाहीतर गेलो असं सांगून कुठंतरी जाऊन उभे होते. भगवानरावांच्या एका हातात पाण्याची बाटली होती, झाकण काढलेली. दुसरा तळहात गुडघ्यावर उघडा होता आणि त्यावर तीन कॅप्सूल होत्या. आख्ख्या.

"रक्ताच्या कागदाले तू पिशवी माह्यापाशी ठेवून गेली, तवाच काहाडून ठेवल्या," ते म्हणाले. "रक्त देल्यावर घ्याच्या म्हनली ना तू. मंग मनात आलं, तुह्यासमोरच घ्यावं. तुले बी पटलं पाह्यजे. कवापासून बसलो आहे असा, लोकं पाहून राह्यले." ते थोडे हसले. "घेऊ?"

"नोको."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मोटार उघडल्या उघडल्या, वास येताच, ती जळलीय की नुसती अडकलीय हे ओळखणारा माणूस होता तो.

"किती?"

"सहा पॉइंट तीन."

"बंद?"

"हाव. औषध परत मागतलं. या तीन बी." आणि मग, कारण ते आज नाही तर उद्या सांगावंच लागणार होतं: "मशीनवर जा लागंन बाबा. डायलिसिसले. या आठवड्यातच."

भगवानरावांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले, जणू कुणी त्यांना माप सांगत होतं आणि ते लिहून घेत होते. तळहात तसाच उघडा होता. त्यांना पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायचं होतं, पण एक हात रिकामा नव्हता. प्राचीनं झाकण लावून दिलं.

"एक सांगशीन?" ते म्हणाले. "ते टोपन. कायचं होतं? वर तुले माहीत पडलं असंन."

तिच्या पिशवीत त्या पानाचा फोटो होता, मोबाइलमध्ये. खाली यायच्या आधी का कोण जाणे तिनं तो काढून घेतला होता. लाकडाच्या लगद्याचं होतं, हे खरं. हे खरं सांगितलं, तर हजारावर कॅप्सूल चिमटीत धरून, टिचक्या मारून, एक कण न सांडता उघडणारा हा माणूस कशासाठी उघडत होता? तीस वर्षांची माळ पहाटे एकट्यानं कशासाठी काढत होता? आणि आपल्या किडन्या त्यानं कशाच्या नावानं घालवल्या?

प्राचीनं आयुष्यात कधी दशांशाचा आकडा वरखाली केला नव्हता. विद्यार्थ्यांच्या वह्यांत तसं दिसलं की ती लाल शाई वापरायची.

"हाडाचंच होतं," ती म्हणाली.

भगवानराव तिच्याकडं पाहत राहिले. तिनं नजर हलू दिली नाही. काल ते म्हणाले होते की ती बापाला वाचवायला खोटं बोलेल आणि त्यांना ते कळणार नाही. तिचं खोटं या बाजूनं येईल, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं.

"मंग बरं झालं," ते शेवटी म्हणाले. "निदान तेवढं तरी राह्यलं."

त्यांनी सदऱ्याच्या खिशाकडं हनुवटीनं खूण केली. प्राचीनं खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या घडीत माळ होती, घामानं किंचित ओलसर.

"घरी ठेवून नाई आलो. म्हनलं, जवळ असू दे. अजून तं मी काही गिळलं नाही. बांध."

गाठ मारायला तिला दोन्ही हात लागणार होते, म्हणून कॅप्सूल त्यांच्याच हातावर राहिल्या. त्यांनी तो हात अंगापासून लांब, बाकाच्या टोकाला धरला, आणि मान खाली घातली. तिनं माळ मागून घेतली. मानेवरचं हाड तिला पूर्वी इतकं वर आलेलं दिसलं नव्हतं. दोरा जुना होता, जुनी गाठ होती तिथं पिळलेला. तिनं त्याच पिळावर गाठ मारली आणि एकदा खेचून पाहिली. फाटकाशी उत्तमराव तीन चहा हातात धरून उभे होते, पुढं येत नव्हते.

"बसली?" भगवानरावांनी विचारलं.

"बसली."

तिनं हात पुढं केला. त्यांनी तळहात तिच्या तळहातावर उलटा केला, मग तो उचलून खाली नजर टाकली.

"तीन," ते म्हणाले. "पाहून घे."